रबरी बेडकांचा पंक्तिप्रपंच

शिरूर (घोडनदी),
रविवार, २१ मे २००६

प्रिय झिशानमियाँ,

सलाम आणि दुवा. तुम्ही वयानं माझ्याहून पुष्कळ लहान, पण आमच्या घरचे जावई. तेव्हा तुम्हांला सलाम करावा की दुवा द्यावी हे मला तुमच्या निकाहापासून सुटलेलं नाही. म्हणून दोन्ही लिहितो, योग्य वाटेल ते ठेवून घ्या. (पत्र उर्दूत असावं असं तुमच्या अम्मींचं, हमीदाखालांचं, म्हणणं पडलं. पण मला ती लिहिता येत नाही आणि तुम्हांला वाचता येत नाही, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेनं आपल्या दोघांना जे दिलं त्यातच भागवू.) तुमची तब्येत कशी आहे? मस्कतला उन्हाळा आमच्याहून कडक असतो असं ऐकतो. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, आणि ढोबळमानानं ते खरंही आहे; फक्त तुमच्या शिरीनभाभीचा गुडघा दुखतो, माझं पित्त उसळलं आहे आणि माझा मनुष्यजातीवरचा, विशेषतः स्वतःवरचा, विश्वास उडाला आहे. सुफिया आणि तुमची लेक गुरुवारपर्यंत ठणठणीत होत्या. त्यानंतर मी दौंडला गेलो नसल्यानं पुढचं खात्रीनं सांगू शकत नाही.

केंदूरच्या गृहस्थांबरोबर तुम्ही पाठवलेलं पार्सल पोचलं. अत्तर शिरीननं घेतलं, बॅटरी अम्मींकडे गेली, आणि माझ्या वाट्याला मासे धरायला गळाला लावायचे रबरी बेडूक आले. तीन साधे, तीन महाग. महाग एका बेडकाच्या किमतीत साध्यांचं अख्खं पाकीट येतं, असं तुम्ही लिहिलं आहे. मात्र महाग बेडूक ओढला तर वीतभर ताणला जातो, माशानं चावला तरी फाटत नाही, आणि एकेक जण वर्षभर पुरतो, असं तुमच्या बंदरावरच्या त्या फिलिपिनी मित्राचं म्हणणं. आणि मग तुमचा प्रश्न : भाई, तुम्ही भीमेत वापरून बघा आणि जादा पैसे मोजण्याच्या लायकीचे आहेत का ते खरं खरं कळवा; तुम्ही हो म्हणालात तर मी मस्कतची स्टोअरकीपरी सोडतो, दौंडला गाळा घेतो आणि उजनीच्या पाण्यावर मासे धरायला येणाऱ्या पुण्याच्या लोकांना हेच बेडूक विकतो; तुम्ही नाही म्हणालात तर आणखी पाच वर्षांच्या करारावर सही करतो.

झिशानमियाँ, हे वाचून मी तासभर तसाच बसलो. माणसानं माणसावर विश्वास किती टाकावा याला काही मर्यादा? तुम्ही गेलात तेव्हा तुमची लेक रांगत होती. आता ती दुसरीत गेली आणि फोनवर तुम्हांला पाढे म्हणून दाखवते. सुफियाचा जन्म तिकडची रियालाची पाकिटं मोजण्यात जायचा की नाही, हे तीन इंच लांबीच्या हिरव्या रबरावर ठरणार, आणि त्या रबरावर मत देणार मी! का, तर मी खोटं बोलत नाही अशी आपल्या खानदानात माझी ख्याती आहे. या ख्यातीपायी मी काय भोगलंय ते शिरीनला विचारा. ईदच्या शीरखुर्म्यात साखर जास्त झाली का, असं तिनं एकदा आठ पाहुण्यांसमोर विचारलं होतं. तेव्हापासून घरात मला कोणी पहिली वाटी देत नाही.

शिवाय मी जन्मात मासा धरलेला नाही. मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. टिकाऊ वस्तू आणि नाशवंत वस्तू हा धडा मी वीस वर्षं शिकवत आलो आहे, पण त्यात उदाहरण म्हणून लाकडी कपाट आणि टोमॅटो येतात. बेडूक येत नाहीत.

तरीही जबाबदारी आली म्हटल्यावर मी ती रीतीनं पार पाडायचं ठरवलं. आणि इथेच, पहिल्याच दिवशी, माझं चुकलं. महाग बेडकांच्या पाकिटावर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक सूचना होती : हे बेडूक इतर रबरी आमिषांबरोबर एकत्र ठेवू नयेत. मी ती वाचली. (वाचलीच नाही असं म्हणून सुटता आलं असतं, पण चष्मा लावून दोनदा वाचली.) आणि वाचून मला संताप आला. म्हटलं, म्हणजे महाग आहेत म्हणून यांना वेगळं ताट! साध्यांच्या शेजारी बसले तर यांना विटाळ होणार! दर वर्षी स्नेहसंमेलनात मी समतेवर भाषण करतो. कॉलेजच्या वसतिगृहात काही मुलांची पंगत वेगळी बसायची ती मी भांडून मोडली. आणि आता माझ्याच घरात, माझ्याच कपाटावर, मी बेडकांचा पंक्तिप्रपंच करू? शिवाय परीक्षा म्हटली की दोघांना परिस्थिती सारखी हवी. एकाला सावली आणि दुसऱ्याला ऊन दिलं तर निकाल कसला? म्हणून मी सहाही बेडूक शिरीनच्या निळ्या झाकणाच्या, हवा न जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात एकत्र ठेवले, आणि डबा पत्र्याखालच्या लोखंडी कपाटावर. मला त्या रात्री फार शांत झोप लागली. ती का लागली याची आता लाज वाटते.

पुढच्या रविवारी मी वडगाव रासाईला गेलो. तिथले भिमाजीआबा तुमच्या निकाहात मांडवाच्या दारात उभे राहून सगळ्यांना बसा बसा म्हणत होते ते. पाटसच्या साखर कारखान्यावर एकदा संचालक होते आणि पुढच्या निवडणुकीत पडले. पडल्यापासून आबांना कसल्याही लढतीची भूक आहे. मी नदीकाठी बसून त्यांना हळू आवाजात माझी अडचण सांगितली, तर त्यांनी पारावर जाऊन जाहीर करून टाकलं की येत्या रविवारी बंधाऱ्यावर दोन पॅनलांची लढत हाय, सगळ्यांनी यायचं. महाग बेडूक म्हणजे विकास पॅनल, साधे म्हणजे शेतकरी पॅनल, आणि मतदार पाण्यात. मी म्हणालो, आबा, ही शास्त्रीय चाचणी आहे. आबा म्हणाले, "आवो सर, विलेक्शन तरी दुसरं काय असतंय? आमिष कुणाचं आन् गिळतंय कोण, येवढंच बघायचं."

त्या रविवारी बंधाऱ्यावर निम्मं गाव. डबा उघडला तेव्हा बेडूक एकमेकांना किंचित चिकटले होते. सोडवताना बारीक तार सुटली. (मला ती सलोख्याची खूण वाटली. झिशानमियाँ, मी एम. ए. आहे.) आबांनी महाग बेडूक हातात घेऊन ताणला, सोडला, हुंगला आणि त्याची किंमत विचारली. मी सांगितली. आबांचं तोंड पडलं. एवढं ते निकालाच्या दिवशीही पडलं नव्हतं म्हणतात. मग म्हणाले, "येवढ्यात जित्ता बेडूक सालभर कामाला ठेवीन की वो मी! आन् मासा काय बिल बघून चावतोय व्हय?"

आबांच्या मंडळी सोजराबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "रबार गिळून माशाच्या पोटाला काय व्हत न्हाई का? आन् मंग त्योच आपुन खायाचा?" मी सांगितलं की मासा तो गिळत नाही, फक्त फसतो. "म्हंजी त्येला खायाला कायबी द्यायाचं न्हाई, नुसतं फशिवायचं?" असं म्हणून त्या भाकरी सोडायला लागल्या. खरंच, गांडूळ लावणाऱ्याच्या व्यवहारात निदान काही देणंघेणं आहे. माशाला मरता मरता गांडूळ तरी मिळतं. आपण जो बेडूक विकायचा विचार करतो आहोत तो जितका टिकाऊ तितका जास्त माशांना फसवणार, आणि शेवटपर्यंत कुणालाच काही देणार नाही. टिकाऊपणा हा गुण आहे की गुन्ह्याची पुनरावृत्ती? हा विचार मी त्या दिवशीच्या डायरीत लिहिला आहे, आणि त्याखाली "याचा किमतीशी संबंध नाही" असंही लिहिलं आहे, पण मनाला ते पटलेलं नाही.

आता लढत. सोडतीत पहिला मान महाग बेडकाला मिळाला. मी तुम्ही सांगितलं होतं तशी काठी मागे नेली आणि सर्व ताकदीनं पुढे फेकली. बेडूक पाण्यात गेला नाही. तो मागे आबांच्या टोपीत रुतला, आणि मग टोपीसकट पाण्यात गेला. गावानं टाळ्या वाजवल्या. मी तंगूस (गळाच्या दोरीला आबा असं म्हणतात) ओढून टोपी परत आणली तर ती मधोमध फाटलेली, बेडकावर मात्र ओरखडा नाही. हा पुरावा धरायचा का? टोपी खादीची होती आणि जुनी होती, शिवाय टोपीला दात नसतात. पण दुसऱ्या बाजूनं पाहता एका कठीण झटापटीत एक जण फाटला आणि एक जण शाबूत राहिला हे सत्य आहे. मी विचारात पडलेला पाहून आबा उघड्या डोक्यानं म्हणाले, "सर, इचार घरी करा. पाण्यात टाका आदी."

त्यानंतर महाग बेडूक दुपारपर्यंत जलपर्णीच्या कडेकडेनं उड्या मारत राहिला. चालायचा सुंदर, अगदी खऱ्या बेडकानं शिकून घ्यावं असा. एकही मासा फिरकला नाही. मग साध्या बेडकाची पाळी आली आणि दुसऱ्याच फेकीला पाणी फुटलं, काठी वाकली, आणि हातभर मरळ बाहेर आली. गाव नाचलं. शेतकरी पॅनल झिंदाबाद झालं. मरळ आबांच्या घरी गेली (हिशेबानं ती माझी होती, पण टोपीचा विषय निघाला). साध्या बेडकाचा एक पाय तुटला होता आणि पोट उसवलं होतं. एका माशात एक बेडूक खलास, म्हणजे तुमचा मित्र सांगतो ते खरं. पण महाग बेडूक धड राहिला तो टिकाऊ म्हणून, की त्याला कोणी तोंडच लावलं नाही म्हणून? ज्याला कोणी चावलंच नाही त्याच्या टिकण्याचं कौतुक कसं करायचं? आमच्या कॉलेजात एक उपप्राचार्य आहेत, तीस वर्षं सेवेत कुठलाही ओरखडा नाही. त्यांच्याविषयीही माझा हाच प्रश्न आहे.

न्यायाला धरून फेरलढत आवश्यक होती, पण मध्ये बारावीचे पेपर तपासायला आले. सहाही बेडूक, जखमी धरून, पुन्हा त्याच डब्यात, पुन्हा त्याच कपाटावर. बाहेर मे महिना. मधल्या काळात मी सुफियाला फोन करून विचारलं की तुझं मत काय, त्यांनी यावं की राहावं? ती म्हणाली, "भाई, तुम्हांला विचारलंय ना? तुम्हांला खरं वाटेल ते लिहा." तिचा आवाज अगदी सरळ होता. म्हणूनच मला धडकी भरली. लहानपणी रुसली की ती याच आवाजात मला जेवायला वाढायची.

पेपर संपले आणि मी डबा काढला. झाकण निघेना. निघालं तेव्हा डब्याच्या तळाचा काही भाग बरोबर घेऊन निघालं. आत बेडूक नव्हते. आत काकवीत बुडवलेल्या साबणासारखं काहीतरी एक होतं. हिरवं, तपकिरी, आणि त्यातून तीनचार डोळे वेगवेगळ्या दिशांना बघत होते. महाग कोण, साधा कोण, कोणी कोणाला वितळवलं, काही म्हणता काही कळेना. हे दोन रबर एकमेकांशी पटत नाहीत, जवळ ठेवले तर दोघेही विरघळतात, एवढाच त्या सूचनेचा अर्थ होता. त्यात गर्व नव्हता. ती बिचारी जपून राहा म्हणत होती. मी मात्र समता आणायला गेलो आणि सगळ्यांना एकाच लगद्यात आणून ठेवलं. शिरीननं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, "आता खरं सांगा, साखर जास्त झाली का?"

तरी मी तो गोळा घेऊन वडगावला गेलो. लपवणं मला जमलं नाही. आबांना तो पाहून जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. "युती झाली की वो सर!" असं म्हणत त्यांनी गळ त्या गोळ्यात खुपसला आणि मी नको नको म्हणेपर्यंत नदीत भिरकावला. गोळा धबकन पडला. आणि झिशानमियाँ, ज्याची इतके दिवस वाट पाहिली तो त्याच क्षणी आला. मरळ होती की शिवडा होता देव जाणे. पाण्यात म्हशीचं पारडू लोळावं तशी खळबळ झाली, तंगूस सणसणला, आबा दोन पावलं पाण्यात ओढले गेले, आणि तटकन् आवाज आला. तंगूस तुटला. दोन्ही पॅनलं, सगळा पुरावा आणि तुमचं भवितव्य तोंडात धरून तो मासा खाली दौंडच्या बाजूला निघून गेला. आबा गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "मतदार लई हुशार झालाय, सर. सगळ्यांचं घेतो आन् कुणाचाबी व्हत न्हाई."

तेव्हा आता निष्कर्ष. मी चार रात्री यावर घालवल्या. महाग बेडूक टिकाऊ आहेत का? टोपीच्या बाबतीत आहेत. ते मासे धरतात का? माझ्या पाहण्यात नाही, पण माझ्या पाहण्यात एक सकाळ होती आणि फेकणारा मी होतो. ते लोक घेतील का? आबा म्हणतात फुकट दिला तरी चार दिवस विचार करीन. उलट पहिल्या रविवारी बंधाऱ्यावर पुण्याचा एक गाडीवाला तरुण होता, त्यानं किंमत ऐकून पापणीही हलवली नाही आणि कुठं मिळतो असं विचारलं. एका तरुणाच्या पापणीवर दुकान काढावं असं मी सांगू शकत नाही. आणि एका म्हाताऱ्याच्या टोपीवर पाच वर्षं मस्कतला राहा असंही सांगू शकत नाही. थोडक्यात, मला माहीत नाही. जो माणूस डब्यात सहा बेडूक नीट ठेवू शकला नाही त्यानं तीन माणसांचा संसार कुठं ठेवावा हे सांगू नये. तुम्ही माझ्याकडे खरं मागितलं होतंत; खरं हे एवढंच उरलं आहे, आणि ते कुणाच्याही कामाचं नाही. मला माफ करा आणि हा निर्णय माझ्याहून कमी विचार करणाऱ्या माणसावर सोपवा.

शिरीनचा सलाम. उन्हात टोपी घालत जा, पाणी पीत जा.

तुमचा हताश मेहुणा,
पाशा मुलाणी

ता. क. : निळ्या झाकणाचा डबा इथं शिरूरला मिळत नाही. तिकडे मिळाल्यास कुणाबरोबर तरी पाठवावा. शिरीन काही म्हणत नाही, पण पीठ पातेल्यात ठेवते आणि मी स्वयंपाकघरात आलो की झाकण वाजवते.

आणखी ता. क. : दौंड, मंगळवार. पत्र टाकण्याआधी सुफियाला वाचून दाखवणं मला न्यायाचं वाटलं, कारण तिच्याविषयी तिच्या माघारी लिहिलं होतं. म्हणून एस. टी. नं इथं आलो. ती आणि हमीदाखाला गहू निवडत होत्या. मी सबंध पत्र वाचलं. टोपीशी हमीदाखाला हसल्या. सुफिया गहू निवडत राहिली. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "संपलं?" मी म्हणालो, संपलं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, कमरेची किल्ली काढली आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. स्टेशनाकडून बाजारात जाणाऱ्या बोळात एक गाळा आहे, तो तिनं घेतलाय. गेल्या महिन्यातच. भिशीचा नंबर लागला, त्यातून अनामत भरली. शटरला रंग कोणता द्यायचा ते हमीदाखालांनी ठरवलंय. म्हणजे तुमचं पार्सल केंदूरला उतरलं तेव्हा गाळा आपल्या ताब्यात होता, आणि मी बंधाऱ्यावर उभा राहून त्याचाच निकाल लावत होतो.

मी विचारलं, अगं, पण विकायचं काय त्यात? ती म्हणाली, "ते आले की ठरवू. बेडूक, बांगड्या, न्हाईतर शटर उघडून दोघं नुसतं बसू." मग मी विचारलं की तू मला आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही लगेच त्यांना कळवलं असतं, आणि ते बायकोनं बोलावलं म्हणून आले असते; त्यांना कारण पाहिजे होतं, ते शोधू दिलं. शेवटी म्हणालो, मग मी बेडकांचं काय लिहू? "लिहा, चांगले आहेत." मी म्हणालो, सुफिया, ते सिद्ध झालेलं नाही, एक तर चाचणी अपुरी, त्यात साठवणीची चूक... तिनं माझ्या हातात पेन दिलं आणि ती समोर बसून राहिली. अजून बसली आहे. लिहून होईपर्यंत उठणार नाही म्हणते.

झिशानमियाँ, बेडूक चांगले आहेत. महाग आहेत, पण चांगले आहेत. तिकीट काढा.